एकतीस ठिकाणी बदल केला

माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याच्यावर यांची नजर असेल. व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्यांनी बांधून आणलेल्या गाठोड्यांकडे बघत बसायचे काम. त्यामुळे कुठल्याही गोष्टीच्या आत वर लिहिले आहे त्यापेक्षा वेगळेच काहीतरी असणार, अशी त्यांची खात्री होऊन बसली, आणि निवृत्त होऊन नाशकात फ्लॅटमध्ये राहायला आले तरी ती गेली नाही. माझी लेक बघायला आले तेव्हा पोहे खाता खाता त्यांनी तिचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. आम्ही दिला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन ते शाळेत गेले आणि हेडमास्तरांना विचारून आले, ही सही तुमचीच का. तिथून गावात पारावर जाऊन बसले आणि मुलीची आई भांडखोर आहे का, असे चार जणांना वेगवेगळे गाठून विचारले. चौघेही हो म्हणाले. तरी लग्न झाले. "चौघांचं उत्तर एकच आलं, म्हणजे माहिती पक्की. पक्की माहिती असली की मला चालतं," असे ते मला नंतर तोंडावर म्हणाले.

भाजीवाल्याने वरून फुकट कोथिंबीर घातली तर ती पिशवीतून काढून त्याच्या पाटीत परत ठेवतात. "हा का देतो? शिळी असणार." मी शेतातून मेथी पाठवली तर शेवटची फवारणी कधी केली ते फोनवर विचारतात आणि मगच जुडी सोडतात. बँकेतून बोलतेय असे म्हणणाऱ्या गोड आवाजाच्या मुलीला तिच्या वडिलांचे नाव आणि गाव विचारतात. त्यांच्या मुलाने त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, तेव्हा त्याला वरच्या बाजूला एक बारीक डोळा आहे आणि त्यातून कुणीही घरात बघू शकते, हे त्यांना कुठूनतरी कळले. त्यांनी बायकोच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी लाल टिकली काढून त्या डोळ्यावर चिकटवली. मी दसऱ्याच्या सुमारास गेले होते. मला वाटले पूजा झाली आहे, म्हणून मीही देव्हाऱ्यातली हळद घेऊन त्याला लावली आणि नमस्कार केला. व्याही आतून धावत आले. "अहो विहीणबाई, हे काय केलंत?" मी म्हटले, "कुंकू तुम्ही लावलं, हळद मी लावली. आता ओटी भरा त्याची." हळद बटणांच्या फटीत गेली होती. ती काढायला त्यांना दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत मी ती मुद्दाम टाकली का, हेही त्यांनी माझ्या लेकीला हळूच विचारून घेतले.

त्या कॉम्प्युटरवर पत्रे लिहायचा जो कार्यक्रम होता तो वर्षभराने बंद पडला. तुमची मुदत संपली, पुन्हा वर्गणी भरा, असे पडद्यावर यायला लागले. व्याही भडकले. "पत्र माझं, घर माझं, आणि मला मुदत घालणारे हे कोण?" असे म्हणत आठवडाभर फिरले. मग एके दिवशी सकाळी मला फोन आला. "विहीणबाई, आजपासून मी मुक्त झालो." एवढेच बोलले आणि ठेवला. मी घाबरले. म्हातारा माणूस मुक्त झालो म्हणतो म्हणजे एकतर मठात चालला किंवा आणखी कुठे. मी लगेच लेकीला फोन लावला, म्हटले सासऱ्यांच्या खोलीत जाऊन ये आधी. ती जाऊन आली आणि म्हणाली, "चहा पितायत. कॉम्प्युटरात पत्रं लिहायला नवीन ऑफिस टाकलंय, त्याला मुक्त म्हणतात. पैसे पडत नाहीत."

पैसे पडत नाहीत म्हटल्यावर माझेच डोके फिरले. फुकटची कोथिंबीर परत करणाऱ्या माणसाने फुकटचे आख्खे ऑफिस घरात घ्यावे, हे मला पटेना. पुढच्या वेळी गेले तेव्हा मी त्यांना धरलेच.

"कोण देतं हे फुकट?"

"फुकट नाही, मुक्त."

"एकच हाय."

"एक कसं असेल? फुकट म्हणजे पुडी बांधून हातात दिली, आत काय आहे ते विचारायचं नाही. मुक्त म्हणजे पुडी उघडी. हे कसं बनवलं ते सगळं मांडून ठेवलंय. कुणीही बघावं."

"तुम्ही बघितलं?"

"मला ती भाषा येत नाही."

"मग?"

"ज्यांना येते ते बघतात ना. जगभरचे लोक."

"तुमच्या वळखीचे हायेत?"

यावर ते म्हणाले, "नाहीत. पण उघडं ठेवणारा माणूस सहसा चोरी करत नाही." मी चौथी शिकलेली बाई, मला त्यातले काय कळणार. पण पारावरच्या चौघांना विचारल्याशिवाय सून न करणारा माणूस न बघितलेल्या लोकांवर एवढा विश्वास ठेवतो, याचा मला संशय आला. मी लेकीला सांगून ठेवले, लक्ष ठेव, कुणीतरी यांना गुंडाळतेय.

त्याच वर्षी माझ्या शेताची वाट बंद झाली. मखमलाबादच्या पुढे माझे शेत आहे. थोडा झेंडू, थोडी शेवंती, थंडीत वाटाणा, घरापुरती मेथी. पुढची जमीन प्लॉटवाल्यांनी घेतली आणि एके दिवशी सकाळी मी फुले तोडायला गेले तर वाटेवर लोखंडी फाटक आणि त्याला कुलूप. माझ्या सासूच्या आधीपासूनची वाट. आता नाल्याकडून वळसा घालून जायचे, डोक्यावर क्रेट घेऊन, आणि टेंपो तर येतच नाही. प्लॉटवाल्यांचा माणूस बांधावर येऊन मला म्हणाला, "आजी, कशाला या वयात त्रास करून घेता? विकून टाका आम्हाला, मोकळ्या व्हा." त्याने चहापण पाजला. तो मी प्यायले, पण मला कळले की फाटक कशासाठी आहे. वाट गेली की शेत मेलेच. मग ते त्यांनाच द्यावे लागणार.

मी तहसील कचेरीत अर्ज दिला. सुनावणी लागली आणि लेखी जबाब घेऊन या म्हणाले. कचेरीबाहेर टाइप करणारे बसतात, पण व्याही म्हणाले, "परक्याच्या मशीनमध्ये तुमचा जबाब गेला की तो प्लॉटवाल्यांकडे गेलाच म्हणून समजा. मी लिहितो." मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. कडुनिंबापासून विहिरीपर्यंत वाट किती पावले आहे, मध्ये दगड कुठे पुरले आहेत, बाभळीपाशी ती कशी वळते, सगळे सांगितले. मला राग होता म्हणून शेताचे वाटोळे होईल असेही घालायला लावले. त्यांनी ते तीनदा वाचले. एकेक वेलांटी तपासली. माझी त्या मुक्त ऑफिसावरची शंका जरा कमी झाली, हे मी कबूल करते.

सुनावणीच्या दिवशी सकाळी त्यांनी कचेरीची नोटीस पुन्हा एकदा वाचली आणि त्यांना दिसले की नोटिशीत 'रस्ता' लिहिले आहे आणि आपल्या जबाबात 'वाट'. झाले, संशय आला. प्लॉटवाल्यांचा वकील म्हणेल, नोटीस रस्त्याची आणि बाई बोलते वाटेबद्दल, या दोन वेगळ्या गोष्टी. आता बसची वेळ झालेली. त्या ऑफिसात एक सोय आहे म्हणे, एक शब्द शोधायचा आणि सगळीकडे त्याच्याऐवजी दुसरा टाकायचा. त्यांनी 'वाट' शोधायला लावले आणि 'रस्ता' टाकायला लावले. मशीनने खाली लिहून दाखवले, एकतीस ठिकाणी बदल केला. जबाबात वाट होती चौदा वेळा. बाकीचे सतरा कुठून आले, असा संशय एवढ्या संशयी माणसाला आला नाही. कागद छापले, पिशवीत घातले, आणि कचेरीच्या दारात मला दिले. मीही न वाचता सही केली. तसे करायला नको होते, पण केली.

आत अधिकारी म्हणून एक मॅडम होत्या. त्यांनी जबाब वाचायला घेतला. सुरुवातीलाच "मला असे रस्ताते की" असे आले. मॅडम थांबल्या, चष्मा पुसला, पुढे गेल्या. वहिवाटीचे वहिरस्ता झाले होते, वाटणीचे रस्ताणी झाले होते, फुलांची विल्हेवाट लावता येत नाही त्याचे विल्हेरस्ता. वाटोळे या शब्दाचा तर रस्ता होऊन पुढे एक काना-मात्रा आणि ळे नुसते लोंबत होते. शेवटी शेतातली पिके आली. झेंडू, शेवंती आणि 'रस्तााणा', दोन काने एकाला एक चिकटलेले. प्लॉटवाल्यांचा वकील उठून म्हणाला, "मॅडम, हे कुठलं पीक म्हणायचं? आमच्याकडे पेरत नाहीत." सगळी खोली हसली. शिपाईसुद्धा हसला. माझे शेत जायची वेळ आली होती आणि लोक वाटाण्याला हसत होते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, यात तुमचं म्हणणं काय आहे ते मला कळत नाही. आठ दिवस देते. नीट लिहून आणा, मग मी जागेवर येऊन बघेन."

बाहेर व्याही जिन्याजवळ उभे होते. मी त्यांना म्हटले, "फुकटचं ते फुकटचंच. गेलं माझं शेत तुमच्या मुक्तीत." आधी त्यांना वाटले, प्लॉटवाल्यांनी तारेतून आत शिरून हे केले. मग आठवले की इंटरनेटची तार तर त्यांनी आधीच काढून ठेवली होती. दोन दिवस त्यांचा फोन नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले, ओसरीवर बसले आणि पाणीही न घेता म्हणाले, "मी 'वाटाणा' असा एकच शब्द टाइप करून करून बघितलं. दर वेळी तेच झालं. कुणी शिरलं नव्हतं. मशीनने मला एकतीस सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. चूक माझी."

त्यांना ओळखते तेव्हापासून त्यांनी दूधवाला, टपाल, पंचांग आणि माझी मेथी यांच्यावर संशय घेतलेला मी बघितला होता. स्वतःचे नाव त्या यादीत घातलेले पहिल्यांदा ऐकले. मला फार बोलायचे होते, पण त्यांचे तोंड बघून मी एवढेच म्हटले, "पाणी प्या. आणि वाट म्हणजे वाटच लिहा. मी जन्मभर तिला वाटच म्हणलं."

दुसरा जबाब लिहायला त्यांच्या घरी सगळी दुपार गेली. ते एक ओळ मोठ्याने वाचायचे, मग मी चष्मा लावून पडद्यावर बोट ठेवून तीच ओळ वाचायची. मी हळू वाचते. ते थांबायचे, जांभईसुद्धा दाबून. एका जागी बाभळ उजवीकडे लिहिली होती, ती मी डावीकडे करायला लावली.

मॅडम आल्या. कागद हातात घेऊन कडुनिंबापासून निघाल्या. दगड सांगितले तिथे निघाले, बाभळ डावीकडे निघाली. पावलांत थोडा फरक पडला, तर मी म्हटले, "मॅडम, तुमची ढांग मोठी हाय." महिन्याभरात हुकूम झाला आणि फाटक निघाले. हुकुमात 'रस्ता' लिहिले आहे. लिहू देत.

त्यानंतरच्या रविवारी व्याही शेतावर आले. वाटेवर एका जागी थांबले, बाभळीकडे बघितले, आणि म्हणाले, "अच्छा, ती ही होय." तेव्हा माझ्या ध्यानात आले की या माणसाने दोनदा एवढा जबाब लिहिला, पण वाट एकदाही बघितली नव्हती. मी विचारले, "का हो, इतक्या दिवसांत एकदा येऊन खात्री नाय करून घेतली?"

"कशाची?" ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं होतं ना."

माझा नवरा होता तोवर विहिरीला किती पाणी आहे हे मी सांगितले तरी स्वतः जाऊन वाकून बघायचा. वाईट माणूस नव्हता. सगळेच बघतात. ऊन चढले होते, त्यांचे गुडघे धरले होते, आणि परत कडुनिंबापाशी यायला आम्हाला बराच वेळ लागला. मी एरवी कुणासाठी हळू चालत नाही.