वरईचं वावर कुणाचं

गार्डमामा कुणाच्या पिकात पाय ठेवत नसत. जंगलखात्याच्या लेखी आमच्या डोंगरावरची सगळी शेती चोरटी आणि ती हटवणं हे त्यांचं काम. तरी वरईच्या वावराला अख्खा वळसा घालून धापा टाकत वर यायचे. राजुरीच्या शेतकरी घरातला माणूस, पीक तुडवणं त्यांच्या पायालाच जमत नसे.

वर आले की प्रश्न ठरलेला. "धोंडू, हे वावर कुणाचं?" धोंडू म्हणजे माझा बा. कोयता पाठीमागे लपवून तो म्हणायचा, "माझं न्हाई, साहेब." आपलं म्हटलं की केस व्हायची, म्हणून आम्हा महादेव कोळ्यांच्या वाडीत सगळ्यांचं उत्तर तेच. मामा ते वहीत उतरवायचे, कोयता जप्त करायचे आणि आईच्या हातचा चहा पिऊन डोंगर उतरायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

मग वनहक्काचा कायदा आला. कसतो ती जमीन आदिवासीच्या नावावर होणार म्हटल्यावर वाडी नुसती उसळली. मी वनहक्क समितीची सचिव. अर्ज लिहून बोटं दुखायची, पण झोप येत नव्हती. अडलं ते बाच्याच अर्जाशी. तो कायद्याच्या आधीपासून कसतोय याला पुरावा नव्हता. होते ते मामांच्या वहीतले नकार. जाणत्या माणसाचा जबाब चालतो, असं घोडेगावच्या तहसिलीत कळलं, तशी राग गिळून मी राजुरी गाठली. मामा निवृत्त झाले होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "येतो. माझ्याबिगर कुणाला ठावं?"

ग्रामसभेला खरंच आले. उभे राहिले आणि जुन्या सवयीने विचारून बसले, "धोंडूभाऊ, ते वरईचं वावर कुणाचं?"

बा ताडकन उठला. "माझं न्हाई, साहेब."

सभेत हशा पिकला. मी मात्र पेन खाली ठेवलं; अर्ज बुडालाच म्हणायचा. मामा हसले नाहीत.

"तुमचंच हाय," ते म्हणाले. "मला तवाबी ठावं व्हतं. वीस वर्सं मीच तुमाला खोटं बोलाया लावलं." मग माझ्याकडे वळले. "लिही पोरी. खाली माझी सही घे."

आनंदाने माझी अक्षरं वेडीवाकडी झाली. तो कागद तसाच पुढे गेला.

बाच्या नावाचा जमिनीचा पट्टा हातात पडला आणि पंधरा दिवसांत मामा गेल्याचं कळलं. आम्ही दोघं राजुरीला भेटायला गेलो. अंगण बागायतदार सोयऱ्यांनी भरलेलं. मामांच्या मुलाने विचारलं, "पावणं, वळखलं न्हाई. कोण तुमी?"

मला वाटलं, बा मागे सरणार. त्याने टोपी नीट केली.

"मी धोंडू," तो म्हणाला. "डोंगरावरचं वरईचं वावर माझं हाय."