एका कोंबड्याची गिटार

दौंडच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणी जोडताना खंडूच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. शुद्धीवर आल्यावर त्यानं डॉक्टरांना पहिला प्रश्न केला तो नोकरीचा नव्हता. "सायेब, पेटी वाजवता यील का?" डॉक्टरांना वाटलं, गड्याची भूल अजून उतरली नाही. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. खंडूला उत्तर मिळालं ते असं.

नोकरी राहिली. रेल्वेनं त्याला पार्सल ऑफिसात पाणी पाजायला लावलं. पण खंडू रेल्वेत नोकरी करायचा ती पोटासाठी, आणि जगायचा तो गायन मंडळात. साहेबराव पुढारी गायक, एक ढोलकीवाला, मागं झील धरायला दोन-तीन बाया, त्यात खंडूची बायको चांगुणा, आणि पेटीवर खंडू, मंडळात सगळ्यांचा आबा. बाबासाहेबांची जयंती चौदा एप्रिलची खरी, पण आपल्याकडे ती एका दिवसात आटपत नाही. गावोगावच्या वस्त्या आपापसांत दिवस वाटून घेतात. एका गावाची आज, शेजारच्याची चार दिवसांनी, असं करत करत मे निम्मा सरतो, म्हणजे मंडळं सगळ्यांना पुरतात. त्या दिवसांत दौंड-शिरूरच्या पट्ट्यात खंडूला भाकरीपेक्षा सूर जास्त मिळत होते.

बोटं गेल्यावर पेटीवर साहेबरावाचा पुतण्या हौसराव बसला; खंडूचा डावा हात जन्मभर भाता हलवण्यातच मुरलेला, तो सुरांवर चालेना. पोरगा वाईट नव्हता, बरं वाजवायचा. खंडू त्याची पेटी उचलून गाडीत ठेवायचा, गाडीतून काढायचा, आणि मागं बसून टाळ्यांचा ठेका धरायचा. टाळीसुद्धा धड वाजत नव्हती, एक पंजा अर्धाच होता ना! एकदा वरवंडच्या कार्यक्रमाआधी त्यानं सगळ्यांदेखत पेटी ओढून घेतली आणि अंगठा-करंगळीनं वाजवायला लागला. कुणी हसलं नाही, हेच फार वाईट झालं. लोक खाली माना घालून बसले. त्यानंतर खंडू ड्यूटी सुटल्यावर यार्डात रुळांकडे बघत नको तितका वेळ उभा राहायला लागला. चांगुणा मग काहीतरी निमित्त काढून रोज यार्डात हजर. कधी डबा, कधी किल्ली, कधी नुसतंच "चला." तिनं कारण विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही, पण दोघांनाही ते ठाऊक होतं.

अशात ती गिटार दिसली. रेल्वे कॉलनीत पिंटो नावाचा गार्ड राहायचा. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये नाचगाणं असलं की त्याची विलायती गिटार वाजायची. त्याच्या व्हरांड्यात वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून दुसरीच एक तांबडी गिटार दाराला टेकवून ठेवलेली. रंगाचे ओघळ तसेच वाळलेले, खुंट्या वाकड्या, लाकूड तर बहुधा फळांच्या खोक्याचं.

"कलकत्त्याहून मागवली, खंडू," पिंटो म्हणाला. "बुटाच्या जोडाच्या भावात इलेक्ट्रिक गिटार! मी पण काय उल्लू. तारा बघ किती वर हाय. दाबायला गेला तर बोट कापतो. दाराला लावली, तेवढाच उपयोग."

खंडूनं पाण्याची कळशी खाली ठेवली. त्याला सूर दाबायची सवय उजव्या हाताची, आणि त्या हाताला बोटंच नव्हती, म्हणून तारा उंच असल्याचं दुःखही नव्हतं. त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली, डाव्या हातानं एक तार छेडली आणि सहज, चाळा म्हणून, उजव्या हातातला पितळी पेला त्या तारेवर टेकवून सरकवला. आवाज बारीक होता, पण तो सरकला. एका सुरावरून दुसऱ्यावर, मधलं काहीही न सोडता. आयुष्यभर पेटी वाजवलेल्या माणसाला त्याचं मोल विचारा. पेटी सुराच्या पायऱ्या चढते, तिला घसरता येत नाही. गळा घसरतो. आणि हे खोक्याचं लाकूड गळ्यासारखं घसरत होतं.

"सायेब, किती घ्याल?"

"अरे, घेऊन जा. कोंबडा देतो तर दे."

दुसऱ्या दिवशी चांगुणाचा तुर्रेबाज कोंबडा पिंटोच्या पातेल्यात गेला आणि गिटार खंडूच्या क्वार्टरमध्ये आली. चांगुणानं दोन दिवस अबोला धरला. कोंबडा चांगला होता.

पेल्याच्या जागी खंडूनं भंगारातला बेअरिंगचा बोटाएवढा गोल रूळ आणला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत तो असा बसला की जणू मधली बोटं त्यासाठीच जागा करून गेली. गिटारीची वायर दौंडमधल्या वस्तीच्या वाचनालयातल्या जुन्या रेडिओच्या पाठीमागं, ग्रामोफोनची पिन लावायच्या भोकात खोचायची, हे पिंटोनंच दाखवलं. रेडिओ तापला, खंडूनं तार छेडली, आणि वाचनालयात पेपर वाचत बसलेली माणसं उठून उभी राहिली. सूर विझतच नव्हता. छेडून सोडला तरी खोलीत थांबून राहायचा. पिंटोनं त्याच रेडिओला आपली विलायती गिटार लावून बघितली, मग पुन्हा ही, मग पुन्हा ती.

"माझी लवकर मरते," तो म्हणाला. "ही साली मरतच नाही. का ते देवालाच माहीत." आणि हसत सुटला. "कोंबडा परत देऊ काय, खंडू?"

वर्षभर खंडूनं दुसरं काही केलं नाही. चांगुणाची गाणी एकेक करून त्यानं तारेवर बसवली. त्यातलं एक तिनं स्वतः रचलेलं. तिचं माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठचं. गावाचं नाव मी घेत नाही, तसली गावं तेव्हा चिक्कार होती. बहात्तरच्या दुष्काळात तिची आई ताईबाई घागर घेऊन गावच्या न आटलेल्या विहिरीवर सकाळपासून बसली. स्वतः पाणी शेंदायची सोय नव्हती. कुणीतरी वरून ओतावं लागायचं, आणि त्या दिवशी कुणी ओतलं नाही. ऊन कलल्यावर ती रिकामी घागर घेऊन परत आली. एवढंच. चांगुणानं त्याचं गाणं केलं: "भरल्या विहिरीवर माझी आई तहानेली." त्या "तहानेली"वर खंडू रूळ असा खाली ओढायचा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी.

त्यानं साहेबरावाला ऐकवलं. साहेबराव चांगला माणूस, पण मंडळ चालवणारा. तो म्हणाला, "इथं खोलीत लई ग्वाड वाजतंय, आबा. लोकांच्या म्होरं वाजलं तर तुमची जागा तुमाला. न्हाई वाजलं, तर पुन्यांदा इचारू नका. माझ्यानं व्हत न्हाई तुमाला न्हाई म्हनाया."

खंडूनं मान डोलावली. मनात म्हणाला, न्हाई वाजलं तर इचारायला मी ऱ्हातोय कुठं?

पहिला कार्यक्रम ठरला तो नेमका चांगुणाच्या माहेरी. एस. टी. नं न्हावऱ्यापर्यंत, पुढं बैलगाडी. वाचनालयाचा रेडिओ गोधडीत गुंडाळून खंडूनं मांडीवर घेतला होता, तान्ह्या पोरासारखा. वस्तीत लाईट नव्हती. वायर गावातून यायची, पोपटरावांच्या घरातून. पोपटराव सोसायटीचे चेअरमन, वीस एकर बागायत. वायर दिली त्यांनी खुशीनं. लाऊडस्पीकरच्या कर्णेवाल्याची बॅटरी बसलेली होती, तेव्हा कर्णासुद्धा त्याच वायरीवर.

चार वाजता कार्यक्रम सुरू व्हायचा, आणि साडेतीनला पोपटराव स्वतः आले. चहा घेतला. ताईबाईला "बरी हायेस का गं?" विचारलं. मग साहेबरावाला बाजूला घेऊन, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "गानी म्हना की धा. जयंती तुमची, आमी कशाला आडवं येऊ? पर ते इहिरीचं गानं कानावर आलंय, तेवढं नको. गावाची बदनामी व्हती. ते म्हटलं तर मला बटन बंद करावं लागंल. माझा इलाज न्हाई." हात जोडून गेले. शिवी नाही, दम नाही. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

साहेबराव परत येऊन बसला. तो म्हणाला, "त्या गान्याची सुरवात गिटारीची हाय. आबांनी सूर धरला तर आमी म्हनू. न्हाई धरला तर दुसरं घेऊ." आणि ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला. म्हणजे ओझं कुणाच्या मानेवर टाकलं बघा!

खंडूनं चांगुणाला पिंपळाच्या आडोशाला बोलावलं. "आजचा दिस सोड गं. आजच्यानं माझी जागा पक्की व्हईल. म्होरल्या गावाला म्हनू, दोनदा म्हनू."

"म्होरल्या गावाला माझी आय बसलेली न्हाई," चांगुणा म्हणाली.

"मला दुसरं काय उरलंय? सांग की! हात गेला, पेटी गेली. तूच ओढून आनतीस ना यार्डातनं मला?"

तिचे डोळे भरले, पण ती मागं सरली नाही. "म्या काय सांगू? सूर तुमच्या हातात हाय."

कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं वंदनेचं. खंडूनं रूळ तारेवर ठेवला, आणि कर्ण्यातून तो सूर वस्तीवरून पुढं गावाकडे गेला. म्हातारी माणसं सरकत पुढं आली. हे एवढंसं लाकूड, पेटी नाही, सनई नाही, आणि बाईसारखं गातंय! दुसऱ्या गाण्याला बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. पोपटराव वस्तीकडे तोंड असलेल्या आपल्या घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, त्यांचीसुद्धा मान डुलायला लागली. साहेबरावानं खंडूकडे बघून डोळे मिटून मान हलवली. ती मान हलवणं म्हणजे जागा पक्की. दोन वर्षांनी खंडूला आपण जिवंत आहोत असं वाटलं.

तिसरं गाणं. साहेबराव थांबला. चांगुणा थांबली. ती खंडूकडे बघत नव्हती, आणि ते तिनं मुद्दाम केलं होतं, त्याला सोडून देण्यासाठी. खंडूला ते कळलं. समोर ताईबाई मांडी घालून बसली होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं. जावई वाजवतोय म्हणून ती कौतुकानं शेजारणीला कोपर मारत होती. खंडूनं मनातल्या मनात तिला हात जोडले. म्हातारे, माफ कर. आज नको. त्यानं दुसऱ्या गाण्याचा, जयजयकाराच्या साध्या गाण्याचा सूर शोधायला रूळ वर नेला. वर नेला आणि तिथं त्याचा हात अडला. त्याच्याच्यानं ते होईना. शिव्या घालाव्यात तसा, स्वतःवरच दात खात, त्यानं विहिरीच्या गाण्याचा पहिला सूर ओढला.

चांगुणानं दचकून त्याच्याकडे बघितलं आणि आवाज उचलला. "भरल्या विहिरीवर..." ओट्यावरची खुर्ची रिकामी झाली. खंडूला ते दिसलं. त्यानं घाई केली नाही. घाई केली असती तरी काय होणार होतं? "माझी आई..." आणि "तहानेली"वर त्यानं रूळ खाली ओढला तो सूर निम्म्यातच बुडाला. रेडिओचा दिवा लाल झाला आणि गेला. मांडीवर नुसतं लाकूड राहिलं.

चांगुणा थांबली नाही. बायांनी झील उचलली, हौसरावानं पेटी पुढं ओढली, ढोलकी कडाडली. कर्णा नव्हता तर माणसंच म्हणायला लागली, सगळी वस्ती, ताईबाईसुद्धा. गाणं गावात कर्ण्यापेक्षा मोठ्यानं गेलं. खंडू रूळ ओढतच होता. पेटीवाल्याला जागा हवी होती. साहेबरावानं हळूच त्याच्या दंडाला धरून त्याला बाजूला सरकवलं. तो सरकला.

कार्यक्रम उरकल्यावर साहेबराव त्याच्याजवळ उकिडवा बसला. "आबा, तुमी सूर धरला, ते मी मरस्तवर इसरनार न्हाई. पर..." त्यानं विझलेल्या रेडिओकडे बघितलं. "आपली गानी अशी हायती. गावोगाव लाईट दुसऱ्याच्या घरातनं यायाची. मी कशाच्या भरवशावर तुमाला बसवू?"

खंडू म्हणाला, "खरं हाय." साहेबराव खोटं बोलला असता, टाळाटाळ केली असती, तर भांडता तरी आलं असतं.

दिवस मावळायच्या आत गाडी जुंपली. मंडळातले बाकीचे मागच्या गाडीत होते. रेडिओ आणि गिटार गोधडीत, खंडू नि चांगुणा पुढं. गाव मागं पडलं. मग चांगुणा म्हणाली, "का धरला सूर? म्या तर बघत पन नव्हते तुमच्याकडं."

"नसता धरला तर तू उद्या भाकरी वाढली असतीस," खंडू म्हणाला. "पर म्या कुठल्या तोंडानं खाल्ली असती?" आणि पुढं म्हणाला, "आता म्या कशानं वाजवू, चांगुणे? त्येवढं सांग."

तिनं त्याचा अर्धा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला. खंडू लहान पोरासारखा हमसून हमसून रडला, गाडीवानादेखत. गाडीवानानं मागं वळून बघितलं नाही, आणि बैलांनाही हाकललं नाही, चालतील तसे चालू दिले.