एल्बो ग्रीसचा डबा

बसच्या वर्कशॉपमधलं स्टोअर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे मागून कुलूपबाई म्हणत. पण बावीस वर्षांत त्यांनी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं. चिठ्ठी खिडकीतून आत गेली की वस्तू बाहेर यायची. आणि ग्रीस तर त्या नुसत्या वासावरून ओळखायच्या: हे चाकाचं, हे बिजागरीचं.

एका सोमवारी फोरमननं चिठ्ठी सरकवली. जुन्या बसचं गंजलेलं दार स्वच्छ करायला नव्या साहेबांनी इंग्रजीत लिहिलं होतं: एल्बो ग्रीस, भरपूर. फोरमनचं इंग्रजीही बाईंच्याइतपतच. पाइपाच्या वळणाला एल्बो म्हणतात, त्याचंच काहीतरी असेल, असं दोघांचं ठरलं. बाईंनी चारही रॅक पालथे घातले. नाही म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्यांनी दुकानदाराला फोन लावला.

हा दुकानदार जगातल्या कुठल्याही वस्तूला 'आहे' म्हणणारा.

"एल्बो ग्रीस ना? बाहेरून मागवावं लागतं. गुरुवारी पोचवतो."

गुरुवारी छापील लेबल लावलेला डबा आला. बाईंनी झाकण उघडलं आणि नाक जवळ नेलं. आत चाकाच्या बेअरिंगचं रोजचंच ग्रीस होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या नणंदेला फोन केला. नणंद आधी पोटभर हसली.

"अहो वहिनी, एल्बो म्हणजे आपलं कोपर, ते ग्रीस डब्यात मिळत नाही. हात मोडेस्तोवर घासायचं, त्या मेहनतीला म्हणतात तसं."

बाईंना आधी लाज वाटली. मग दुकानदार आठवला आणि लाज पळाली. चार दिवस आपल्या कोपराला गूळ लावून बसला होता गृहस्थ!

त्यांनी त्याला गोड आवाजात कळवलं की माल उत्तम आहे, फक्त वापरायचा कसा ते एकदा येऊन दाखवा. मोठ्या ऑर्डरच्या आशेनं तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. बाईंनी त्याला बसच्या त्या गंजक्या दारापाशी नेलं, हातात डबा आणि पॉलिश पेपर दिला आणि समोर स्टूल ओढून बसल्या. सगळं वर्कशॉप भोवती जमलं.

दुकानदारानं ग्रीस फासलं. गंज जिथल्या तिथे.

"कोपरातून येतं ते," बाई शांतपणे म्हणाल्या. "जोर लावा."

सव्वा तास तो घासत होता. शर्टाचं जे व्हायचं ते झालं. फोरमन तोंडात रुमाल कोंबून हसत होता, तेव्हा बाईंनी दुसरा पॉलिश पेपर देऊन त्यालाही घासायला लावलं. डबा त्यांनी बेअरिंगच्या रॅकवर ठेवून दिला. ग्रीस तसं चांगलंच होतं.

संध्याकाळी साहेब आले. दार लखलखत होतं. हे कुणी केलं, असं त्यांनी खूश होऊन विचारलं.

"दुकानदारानं, साहेब. माल त्यांच्याकडे भरपूर होता, वापरायची सवय नव्हती."

यातली कोपरखळी साहेबांना कळली नाही. फोरमनला कळली, तो खांदा चोळत निघून गेला.