उगवणीच्या कापडावरचा नऊ

तुम्ही तिकडे सॉफ्टवेअरची पॅकेजं तपासायच्या साधनात बारीकसा बदल केलात आणि फोनवर म्हणालात, "आजी, तुला नाही कळायचं ते." कळलं. तसाच एक बदल मी लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सासरी, भातकुली गावात केला होता.

पेरणीआधी सासूबाई ज्वारीच्या बियाण्याची उगवण पाहत. बियाण्याची दहा मडकी, प्रत्येकावर चुन्याने आकडा. प्रत्येकातले दहा दाणे वेगळ्या ओल्या चिंधीत बांधायचे आणि चौथ्या दिवशी उघडायचे. मोड आले नाहीत तर त्या मडक्यातली ज्वारी जात्यावर. पण चिंध्या एकमेकींत मिसळत आणि कोणती कुठली यावरून दरवर्षी वाद. मी अमरावतीला कॉलेज केलेली. मला गोंधळ बघवत नाही. एका जुन्या धोतरावर लाल दोऱ्याने दहा चौकोन शिवले आणि प्रत्येकात आकडा भरला.

सासूबाईंनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "पाहू, तुयं कापड शहाणं का माह्या चिंध्या!"

मीच प्रत्येक मडक्यातले दहा दाणे आपापल्या चौकोनात मांडून कापड ओलं केलं. चौथ्या सकाळी मी विहिरीवरून आले, तर त्या एक नंबरचं मडकं कमरेवर घेऊन जात्याकडे निघालेल्या. त्यात त्यांनी स्वतः एकेक कणीस निवडून ठेवलेलं, घरातलं सर्वांत चांगलं बियाणं होतं. चेहरा पार उतरलेला.

"आई, हे कुठे नेता?"

"दळाले. एकाले एकबी मोड नाही. तुया कापडानंच सांगतलं."

मी धावत जाऊन कापड पाहिलं. नऊ चौकोनांत पांढरे मोड, एकच कोरडा. त्यात माझा आकडा: 9. मडक्यांवर मराठी आकडे होते आणि मी सवयीने इंग्रजी भरले होते.

"थांबा! तो एक नाही, नऊ आहे."

"नऊ? कालेजात एकाले नऊ म्हणतेत काय वं?"

"इंग्रजीत नऊ असाच असतो."

"मंग एक कसा असते?"

मी पहिल्या चौकोनातली उभी रेघ दाखवली.

"हा? म्या म्हटलं, पोरीचा दोरा इथंच सरला!"

आणि त्या अशा हसत सुटल्या की मडकं कमरेवरून घसरलं. ते मी दोन्ही हातांनी झेललं. दळण नवव्या मडक्याचं झालं. भाकरी गोड लागली. दुपारीच मी आकडे उसवून मराठीत भरले.

पुढच्या वर्षी शेजारीण कापड मागायला आली. सासूबाईंनी घडी तिच्या हातात दिली.

"ने, पण धुऊन दे. अन् आकडे नीट पाहून घेजो. आमची सून लय शिकेल हाय बाई, एकाचे नऊ करते!"