चादरीचं दुसरं टोक

लाँड्रीत मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. मावशी मात्र एक टोक भिंतीतल्या खुंटीला अडकवून एकट्याच घडी घालायच्या. खुंटी काही पुढे येत नाही, त्यामुळे सगळं चालणं त्यांच्याच वाट्याला.

पूर्वी ते टोक धाकटीच्या हातात असायचं; लाँड्रीत सगळ्यांत लहान म्हणून ती धाकटी. धाकटीला मावशींनीच कामाला लावलं, इस्त्री धरायला शिकवलं. वाफेच्या खोलीत जीव गुदमरायचा. तिथे एक खिडकी करून द्या, असं सांगायला दोघी मिळून साहेबाकडे गेल्या होत्या. साहेबाने धाकटीला नुसतं विचारलं, "तूही हिच्याबरोबरचीच का?"

"नाही," धाकटी म्हणाली, "मी हिच्याबरोबर आले नाही."

मावशींची नोकरी गेली. दोन हिवाळे त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. मग साहेब बदलला, खिडकी झाली, मावशींना परत बोलावणं आलं. धाकटीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. कुणी कान भरायला आलं की म्हणायच्या, तोंड चालतंय तेवढे हात चालव. कपड्यांना खळ कशाला, मावशींनी नुसतं बघितलं तरी कडक होतात, असं पोरी आपसांत म्हणत. पण खुंटी काही सुटली नाही.

दोघींचं चर्चही एकच. तिथे दरवर्षी येशूला धरून नेलं त्या रात्रीचा उतारा माणसं वाटून घेऊन वाचतात. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या असतात. निघेल ते वाचायचं, अदलाबदल नाही. त्या वर्षी मावशींना दासी निघाली, शेकोटीपाशी पेत्राला ओळखणारी. आणि धाकटीला निघाला पेत्र. येशूचा जिवलग, ज्याने आपण त्याला ओळखतच नाही असं कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं.

धाकटीने चिठ्ठी पाळकांपुढे ठेवली. मला हे जमायचं नाही, म्हणाली. यापुढे मी दुसऱ्या चर्चला जाईन.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "का गं? तुला तर तोंडपाठ आहे."

मावशी वळल्या. "तोंडपाठ सगळ्यांनाच आहे. त्या दिवशी साहेबाने हिला विचारलं, मला नाही. मला विचारलं असतं तर मी काय बोलले असते, देवाला ठाऊक."

हे त्यांना आजवर कधी सुचलं नव्हतं.

धाकटीने चिठ्ठी परत उचलली. मग वाचन झालं. आजाऱ्याला 'जेवलीस का' विचारावं तितक्या हळू आवाजात मावशींनी दासीचा प्रश्न विचारला. धाकटीचा पहिला नकार ऐकू आला, दुसरा अर्धा, तिसऱ्याला नुसते ओठ हलले. आपलं वाक्य संपलं की दासीने खाली बसायचं असतं. मावशी उताऱ्यातला कोंबडा आरवेपर्यंत तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

सोमवारी त्यांनी खुंटीवरचं टोक काढलं आणि इस्त्रीच्या टेबलापलीकडे धरलं.

"धर."

धाकटीने हात एप्रनला पुसले, मग डोळे. चादर ताणली गेली, झटकली गेली. दोघी चालत मध्यावर आल्या, तेव्हा तिचे डोळे पुन्हा भरलेले.

"खुंटी बरी होती बाई," तिच्या हातातली टोकं घेत मावशी म्हणाल्या, "इस्त्रीच्या कापडावर पाणी तरी सांडत नव्हती."