सहा हजार की साडेचारशे कोटी

दगड दिसला की अक्का तो आधी चाटायच्या. खोटं नाही सांगत. ओला झाला की आतले कण नीट दिसतात, असं त्यांचं म्हणणं. आणि याच अक्का घरात इतक्या कडक की पाण्याचं भांडं कुणी ओठाला लावलेलं चालायचं नाही. मी एकदा विचारलंच. "दगडास कसलं उष्टं रे?" म्हणाल्या.

नोकरी चेन्नईत गिंडीला, म्हणून मी तांबरमला त्यांच्या समोरचा फ्लॅट भाड्याने घेतला होता. अक्का तंजावरकडच्या मराठी, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. मराठी जुन्या वळणाची, सूर सगळा तमिळ. खालच्या मजल्यावर त्यांचे हाडवैरी राहायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, रविवारी चर्चमध्ये प्रवचन देणारे आजोबा. सगळी बिल्डिंग त्यांना ताता म्हणायची. तातांच्या मते पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं, अक्कांच्या मते साडेचारशे कोटी. मधला आकडा घ्या आणि मिटवा, असं कुणी म्हणालं की दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचे.

"मॅडम, तुम्ही होतात का तेव्हा बघायला?"

"तुम्ही होतात, ब्रदर?"

भांडण तमिळमध्ये चालायचं, पारा चढला की इंग्रजीत. मी ऑफिसातून अक्षरशः धावत यायचो, मॅच चुकू नये म्हणून. तुम्हीही आला असतात.

मग त्यात तातांची नात आली. ती बारावीत होती, आणि तिला भूगर्भशास्त्रच शिकायचं होतं. "खोटं शिकायला मी पाठवणार नाही," ताता म्हणाले. पोरगी अक्कांच्या दारात येऊन रडली. आता अक्कांनी वादात तातांना हरवलं तरच तिची वाट मोकळी होणार, असं आम्हा सगळ्यांना वाटायला लागलं.

पोंगलला सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली आणि लोकांनी दोघांना समोरासमोर बसवलं. काय रंगलं म्हणून सांगू! अक्कांनी पल्लावरमच्या टेकडीचा दगड पुढे ठेवला. "हा एकटाच अडीचशे कोटींचा."

"देवाने तो जुनाच घडवला असेल," ताता म्हणाले. हशा पिकला.

"म्हणजे देव फसवतो?"

ताता उत्तर द्यायला पुढे सरकले. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक मामा उठून बोलू लागले. रोज पूजेच्या संकल्पात आपण कल्पाचा उच्चार करतो. एक कल्प चारशे बत्तीस कोटी वर्षांचा. म्हणजे विज्ञान आज सांगतंय ते आपल्याला कधीचंच ठाऊक होतं! टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. ताता मान खाली घालून एकटे बसले होते.

अक्का ताडकन उठल्या. "थांबा. चारशे बत्तीस कोटी होणार कल्प संपल्यावर. आपलंच पंचांग म्हणतं की चालू कल्प अजून अर्धाही झालेला नाही. मग जुळलं कुठे? सोयीचा आकडा उचलला, झालं. संकल्प मी रोज ऐकते, हात जोडते. पण तो पुरावा नव्हे. ब्रदरकडे जे मागते तेच तुमच्याकडेही मागणार."

हातात आलेला डाव बाईंनी स्वतः उधळला होता. मी कपाळावर हात मारला. आता पोरीचं काही खरं नाही, असंच वाटलं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताता नातीला घेऊन वर आले.

"मॅडम, माझं मत बदललेलं नाही."

"ठाऊक आहे."

"पण तुम्ही आपल्या माणसांनाही सोडत नाही. काल बघितलं मी. हिला तुम्हीच तयार करा. तुमच्या हाताखाली ही खोटं शिकणार नाही."

"कापी घेता?" अक्का एवढंच म्हणाल्या, आणि कॉफी करायला आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

आता अक्का नाहीत. फार चुकल्याचुकल्यासारखं होतं. पोरगी भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तातांच्या लेखी पृथ्वी अजून सहा हजार वर्षांचीच आहे. पण नात सुट्टीला घरी आली की बॅग ठेवायच्या आत ते तिला समोर बसवतात आणि म्हणतात, "हं, आता मॅडमची बाजू तू मांड."