जिन्याखालचे गैरहजर

लहानपणीच्या तापात माझे दोन्ही पाय गेले. उभं राहता येत नसे. हातांत रबरी चपला घालायच्या आणि बसल्या बसल्या सरकत जायचं, अशी मी घरभर हिंडायची आणि झरीच्या शाळेतही तशीच जायची. बारावी झाले तेव्हा शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं, की डी.एड.ला अपंगांसाठी जागा राखीव असतात, त्यासाठी सरकारी दवाखान्याचा दाखला तेवढा आणा. वडील म्हणाले, "दाखल्याचं काय, हिच्याकडं बघितलं की कुणीबी दील." आम्हाला सगळ्यांनाच तसं वाटलं.

दाखला देणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरावीक बुधवारीच बसायचं. पहिल्यांदा निघालो तर विद्यापीठाच्या नामांतराच्या वादात बंद होता, एसट्या सुटल्याच नाहीत. पुढच्या खेपेला वहिनी आणि मी पहाटेच्या गाडीनं गेलो. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. माझ्याहून फार मोठी नव्हती, पण अंगानं दणकट. मला पाठकुळी घेऊन ती एसटीत चढायची आणि कुणी टकमक बघितलं तर त्याच्याकडंच बघत राहायची.

दवाखाना कोणता, ते इथं सांगत नाही. तेव्हाचं तिथं आता कुणी नसेल. आत शिरल्यावर एक अंधारा बोळ होता, बोळाच्या टोकाला जिना. फरशी नुकतीच फिनाईलनं पुसलेली, पायऱ्या ओल्या. जिन्याखाली काही माणसं भुईवर बसली होती. त्यांत ताडकळसचे एक आजोबा होते. ऊसतोडीला गेले असताना भरल्या गाडीचं चाक पायावरून गेलं, म्हणून गुडघ्यावरून पाय कापलेला. त्यांच्या शेजारी एक बाई होती, मांडीवर तिची वाढत्या वयाची लेक. त्या मुलीला मानही धरता येत नव्हती.

"बोर्ड कुठं बसतं?" वहिनीनं विचारलं.

आजोबांनी वर बोट केलं.

"मग तुमी का नाही गेलात?"

"कसं जावं? येतील की खाली," ते म्हणाले. "दाखला तर असल्यांनाच देयाचाय."

वहिनीनं मला पाठीवर घेतलं आणि दुसऱ्याच पायरीवर तिचा पाय घसरला. दोघी आपटणार होतो, कठडा हाती लागला म्हणून वाचलो. मी म्हटलं, मला उतरवा, मी माझी येते. जिन्याकडं पाठ करून बसले, हात मागच्या पायरीवर टेकवले आणि अंग वर ओढलं. मग पुढची पायरी. नवं पातळ नेसले होते, ते फिनाईलच्या पाण्यानं भिजून पायांना चिकटलं. फायली घेतलेली माणसं माझ्या अंगावरून ओलांडून खाली-वर जात होती. मधल्या वळणावर मी थांबले तर एक जण म्हणाला, "जरा बाजूला बसा ना." वहिनीनं माझं पातळ नीट केलं.

वरचे डॉक्टर वयानं पोक्त, आवाजानं मऊ होते. त्यांनी गुडघ्यांवर लहान हातोडी मारून बघितली, पाय उचलून सोडून बघितले. मग विचारलं, "वर कशा आलात?"

"हातावर."

"कुणी उचललं नाही?"

"न्हाई सर. माझी मी आले."

"शाब्बास," ते म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं की मी हसले. त्यांनी बाजूच्या कारकुनाला काहीतरी इंग्रजीत सांगितलं. कारकुनानं लिहून घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "यावर राखीव जागा मिळायची नाही. अपंगत्वाचे टक्के कमी बसतात."

"का?"

"तुम्हाला जिना चढता येतो."

मला ते वाक्य कळलंच नाही. शब्द सगळे ओळखीचे होते, तरी कळलं नाही. तळहात झोंबत होते, पातळातून पाणी ठिबकत होतं, आणि माझ्या तोंडावर मघाचं हसू अजून तसंच राहिलं होतं. ते कसं काढायचं तेही मला सुचेना.

वहिनी म्हणाली, "साहेब, तिला उभंबी ऱ्हाता येईना."

"बाई, आम्ही जे दिसतं तेच लिहितो," डॉक्टर म्हणाले. रागावून नाही, समजावून सांगितल्यासारखं.

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या शिपायानं पुढचं नाव पुकारलं. घरात कुणाला हाक मारावी तेवढाच आवाज. क्षणभर थांबून तो आत वळून म्हणाला, "गैरहजर." कारकुनानं लिहिलं. मग आणखी एक नाव, आणि पुन्हा गैरहजर. तिसऱ्या नावापुढं त्यानं गाव वाचलं, ताडकळस.

"ते खाली हाईत," मी म्हटलं.

"इथं नाहीत ना," शिपाई म्हणाला.

कारकुनाचं लिहून झालं होतं.

खाली आल्यावर वहिनीनं आजोबांना सांगितलं की तुमी गैरहजर लागलात. ते चिडले नाहीत. त्यांनी आपण बसलो होतो त्या फरशीकडं बघितलं, भिंतीला टेकवलेल्या कुबडीकडं बघितलं. "मी तर सकाळपासून हितंच हाय," ते म्हणाले, जणू ते खरं की खोटं हे आमच्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं.

घरी कुणाचा विश्वास बसेना. वडील पुन्हा पुन्हा म्हणत, "तुमी काहीतरी चुकीचं ऐकलं असंल." आई माझ्या सोललेल्या तळहातांना तेल लावत होती, ती मधेच थांबली आणि उठून आत गेली. मला कितीतरी दिवस घास गिळताना ते 'शाब्बास' आठवायचं.

गुरुजींनी फेरतपासणीचा अर्ज करून दिला. पुढच्या बोर्डाला जाताना एसटीत वहिनी म्हणाली, "वन्सं, आज चढायचं न्हाई."

जिन्याखाली मागचीच माणसं होती, काही नवी. वहिनीनं सगळ्यांना झाला प्रकार सांगितला. बोर्ड सुरू झालं तशी ती जिन्याच्या वळणावर जाऊन उभी राहिली. शिपायानं नाव घेतलं की ती खाली ओरडून सांगायची आणि खालून ज्याचं त्याचं उत्तर जायचं, "हजर हाय."

शिपाई कठड्याशी आला. "हजर आहात तर वर या."

"येता आलं असतं तर दाखला कशाला मागितला असता?" आजोबा म्हणाले.

शिपाई आत गेला. मग डॉक्टर स्वतः वळणापर्यंत उतरले. त्यांनी खाली बघितलं. बोळभर माणसं बसली होती, मांडीवर मान टाकलेली ती मुलगी होती. डॉक्टर कठडा धरून उभेच राहिले.

"हे इथं कधीपासून बसतात?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"दर वेळी बसतात, साहेब."

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी बघितला. ते रोज मागच्या दारानं यायचे, तिकडच्याच जिन्यानं वर जायचे, हे नंतर कळलं. बोळात टेबल आलं. डॉक्टरांनी आजोबांना तपासलं, मुलीला तपासलं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, हातोडीही काढली नाही. मान खाली घालून लिहीत राहिले. दाखला हातात देतानाही माझ्याकडं बघितलं नाही.

त्या वर्षीचे प्रवेश तोवर संपले होते. पुढच्या वर्षी मला जागा मिळाली आणि यथावकाश मी शाळेवर लागले. बोर्ड मात्र खालीच बसायला लागलं असं ऐकून होते. मग एक दिवस पिंगळीचा एक बाप शाळेत चौकशी करत आला. पाठीवर मुलगा, स्वतः घामानं डबडबलेला. मी दाखल्याचं कुठं, कसं ते सांगू लागले, तर तो म्हणाला, "जाऊन आलो बाई. ते डॉक्टर बदलून गेले म्हणं. आता वरच बसायलेत."

वर्गात मुलं पाढे म्हणत होती. त्यानं मुलाला खाली ठेवलं, पाणी मागितलं आणि विचारलं, "तुमाला कुणी नेलं होतं वर?"